सासूबाई रात्री उठतात आणि आपल्याला कळतच नाही: अंगावरचा सेन्सर कसा निवडायचा, कुठे बांधायचा

मी नर्सबिर्स नाही, इंजिनिअरही नाही हे आधीच सांगून टाकते. डोंबिवलीत टू बीएचके, नवरा सहा दहाची लोकल धरणारा, आणि सासूबाई ८१ वर्षांच्या. मागच्या वर्षी खुबा मोडला, बॉल बदलला, आणि त्यात विसरायला व्हायला लागलं. म्हणजे दिवसा सांगितलं की अहो आई, एकट्या उठायचं नाही, हाक मारायची, तर "हो गं, किती वेळा सांगशील" म्हणतात, आणि रात्री अडीचला त्यांना खुबा मोडलाय हेच आठवत नाही मग हाक काय मारणार. दोनदा पडता पडता वाचल्या, तिसऱ्यांदा पडल्याच, नशीब फक्त कपाळाला टेंगूळ आलं. त्यानंतर पाच-सहा महिने मी जे जे करून बघितलं ते इथे सगळं लिहितेय, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, हातातल्या घड्याळावर जाऊ नका. सगळे हेच सुचवतात, माझ्या नणंदेनेही सुचवलं. अॅपल वॉचमध्ये २०१८ च्या सिरीज ४ पासून पडलं की ओळखायची सोय आहे, माणूस जवळजवळ एक मिनिट हलला नाही तर ते आपणहून फोन लावतं, चांगलीच गोष्ट आहे, पण ती पडल्यानंतरची. आपल्याला हवंय ते पडायच्या आधीचं, पाय जमिनीला लागायच्या आधीचं. शिवाय मनगट फसवं असतं, माणूस झोपेतही हात वर करतो, डास मारतो, पांघरूण ओढतो, मनगटावरून तो उठतोय की कूस बदलतोय हे कळणं अवघड.

दुसरं, गादीखाली ठेवायचे पॅड मिळतात, अंगावरचं वजन उठलं की वाजणारे. अंगाला काही लावावं लागत नाही म्हणून बरे वाटतात. आमच्याकडे दोन त्रास झाले, एक म्हणजे सासूबाई जेमतेम ४० किलो, त्या कडेला सरकल्या की पॅडला वाटायचं गेल्या, आणि दुसरं म्हणजे पॅड वाजेपर्यंत बूड पलंगावरून उचललेलं असतं, म्हणजे त्या जवळजवळ उभ्याच. दोरी आणि लोहचुंबकवालाही एक प्रकार असतो, क्लिप कपड्याला, दोरीच्या टोकाला गजराच्या डबीला चिकटलेला चुंबक, पुढे वाकलं की चुंबक सुटतो आणि वाजतं. स्वस्त आहे, बॅटरी महिनोन्‌महिने चालते, खुर्चीत बसवलेलं असताना मी अजूनही तोच वापरते. फक्त क्लिप पाठीमागे खांद्याजवळ लावा, पुढे लावली तर दोन दिवसांत काढायला शिकतात, आणि दोरी गळ्याच्या आसपास येईल इतकी लांब ठेवू नका. पलंगावर रात्री दोरी मी वापरत नाही, कूस बदलताना गुंडाळली जाते.

आता अंगावरचा सेन्सर. आत एक छोटी चिप असते जी गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते मोजते, म्हणजे आपण आडवे की उभे हे तिला कळतं, मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना तीच. आणि सगळा खेळ ती चिप शरीरावर कुठे बांधली यावर आहे. विकणारे हे नीट सांगत नाहीत म्हणून मीच सविस्तर सांगते.

छातीवर लावला तर माणूस उठून बसला की लगेच कळतं, म्हणजे सगळ्यात लवकर. पण बसणं आणि उभं राहणं यात छाती सारखीच उभी असते, त्यामुळे नुसतं पाणी प्यायला बसल्या तरी वाजणार. आणि तुमच्याकडे भाड्याने आणलेला फाउलर बेड असेल, डोक्याकडून वर करायचा, तर पाठ ४५ अंशावर केली की छातीवरचा सेन्सर निम्मा उभाच झाला, तो कायम गोंधळात. आम्ही पहिले आठ दिवस छातीला लावला, ब्लाउजला आतून पिन करून, आणि मी आठ दिवस झोपले नाही.

मांडीवर लावला तर गंमत वेगळी आहे. झोपलं की मांडी आडवी, पलंगावर बसलं तरी मांडी आडवीच, उभं राहिलं की मांडी सरळ खाली. म्हणजे बसून पाणी पितायत, जपमाळ शोधतायत, तर वाजत नाही, उठायला लागल्या की वाजतं. खोटे गजर खूप कमी. पण कळतं उशिरा, हा त्याचा तोटा. यावर आमच्या भाच्याने, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एक साधी गोष्ट दाखवली. पलंग गुडघ्यापेक्षा थोडा उंच असेल तर माणूस कडेवर सरकला की मांड्या पुढे उतरत्या होतात, २०-३० अंश खाली. गजराचा कोन, म्हणजे मांडी किती अंश खाली झुकली की वाजायचं तो, ४५ वरून २५-३० वर आणला की त्या उठायच्या तयारीत कडेवर आल्या तेव्हाच वाजतो, आणि नुसत्या पलंगात बसलेल्या असताना वाजत नाही. हा बदल केला त्या दिवसापासून आमच्याकडे हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाला लागलं.

अजून एक, यात आम्ही दोन रात्री डोकं फोडून घेतलं. सासूबाई उताण्या झोपून गुडघे वर घेतात, खूप म्हाताऱ्या माणसांना सवय असते. तेव्हा मांडी तिरकी होते, पण उलट्या बाजूने, गुडघा वर आणि कंबर खाली. उभं असताना कंबर वर आणि गुडघा खाली. यंत्राला हा फरक कळतो पण तुम्ही ते सरळ बांधलं असेल तरच, उलटं बांधलं तर गुडघे वर घेतले की बोंबलतं आणि खरंच उभं राहिलं की गप्प. विचार करा, उभं राहिलं की गप्प! म्हणून सेन्सरच्या डबीवर नेलपॉलिशने बाण काढून ठेवलाय, बाण डोक्याकडे. रात्रीच्या मावशी बदलल्या तरी बाण सगळ्यांना कळतो.

मोज्यातला प्रकारही आहे. न्यूयॉर्कच्या केनेथ शिनोझुका नावाच्या मुलाने आपल्या अल्झायमर झालेल्या आजोबांसाठी मोज्याला दाबाचा सेन्सर लावला होता, पाय जमिनीवर टेकला की आजोबांची काळजी घेणाऱ्याच्या मोबाईलवर गजर, त्यावर त्याला २०१४ मध्ये गुगल सायन्स फेअरमध्ये सायंटिफिक अमेरिकनचं ५० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. कल्पना फारच सुंदर आहे. पण आपल्याकडे मे महिन्यात रात्री मोजे घालून कोण झोपणार, आणि आपल्या गुळगुळीत टाइल्सवर मोजे म्हणजे घसरगुंडी. खाली रबराचे ठिपके असलेले मोजे असतील आणि माणूस घालून ठेवत असेल तर बघा.

विकत घ्यायचा की घरी बनवायचा? विकत घेताना मी विचारलेले प्रश्न सांगते. गजर कुठे वाजतो, पेशंटजवळ की वेगळ्या रिसीव्हरवर? वायफाय लागतं का? बॅटरी संपत आली तर सांगतं का? कोन आणि उशीर, म्हणजे किती सेकंद तसंच राहिलं की वाजायचं, हे बदलता येतं का? शेवटच्या प्रश्नाला दुकानदार गडबडला तर पुढे जा. घरी बनवायचं तर भाच्याने ईएसपी३२ बोर्ड आणि एमपीयू६०५० नावाची चिप जोडून केलं, दोन्ही ऑनलाइन सहज मिळतात, सगळं मिळून हजार-बाराशेच्या आत बसलं, दुसरा बोर्ड माझ्या उशाशी बझर लावून. दोन बोर्ड एकमेकांशी थेट बोलतात, मधे वायफायचा राउटर नाही. हे मुद्दाम केलं कारण लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की मोबाईलवरचा अलर्ट बंद, आणि अंधारातच तर माणूस पडतो. पण घरी बनवणार असाल तर बॅटरीचं जपा, लिथियमची उघडी बॅटरी अंगाला बांधायची नाही, कडक प्लास्टिकच्या डबीत हवी, चार्जिंग अंगावरून काढूनच. आणि विकतच्या टॅगमध्ये बटणासारखी गोल बॅटरी असेल तर झाकण स्क्रूने बंद होणारं घ्या, विसरणारी माणसं आणि लहान पोरं दोघंही ती तोंडात घालू शकतात आणि गिळली तर आतून जाळते, थेट हॉस्पिटल.

मोबाईल अॅपवर अलर्ट येणारं घेतलं असेल तर तीन गोष्टी आजच तपासा. डू नॉट डिस्टर्बमधून त्या अॅपला सूट दिलीय का, बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन ते अॅप मागच्या मागे बंद करतो का (खूपशा फोनमध्ये करतोच), आणि ब्लूटूथ असेल तर दोन भिंतींपलीकडून पोहोचतं का. खोक्यावर १० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेत, मधे कपाट आणि बाथरूमची भिंत आली की संपलं.

बांधायचं कसं. गुडघ्याच्या वर चार-पाच बोटं, मांडीच्या पुढच्या बाजूला, रुंद इलॅस्टिकचा वेल्क्रो पट्टा, आतून सुती कापड, पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. ऑपरेशन झालेला पाय सोडून दुसऱ्या पायाला. चिकटपट्टीने चिकटवू नका, म्हाताऱ्या माणसांची कातडी पापुद्र्यासारखी निघते. रोज सकाळी काढून खाली लाल वळ आहे का बघायचं, डायबिटिस असेल किंवा पायाला सूज असेल तर जास्तच. साडी-परकर नेसणाऱ्या बायकांना मांडीवर पट्टा हा लाजेचा विषय असतो हे लक्षात घ्या, मी स्वतः बांधते, पेशंट सांभाळायला ब्युरोतून मामा आलेले असतील तर त्यांना नाही सांगत. आणि कृपा करून लपवून बांधू नका. आमच्या सासूबाईंना मी रोज सांगते, अहो आई, हा पट्टा म्हणजे तुम्ही उठलात की मला कळतं, मी येते. रोज त्या नव्याने ऐकतात आणि रोज म्हणतात "मग बांध की".

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं. सेकंद मोजा. आम्ही एका रविवारी दुपारी नवऱ्याला पलंगावर झोपवला, मांडीला पट्टा, मी माझ्या खोलीत आडवी, मुलगी मोबाईलवर स्टॉपवॉच घेऊन मधे. गजर वाजल्यापासून माझा हात त्याच्या खांद्यावर पडेपर्यंत १७ सेकंद. सासूबाईंना कडेवर आल्यापासून उभं राहायला किती लागतात, ते आधीच दोन दिवस बघून ठेवलं होतं, साधारण ९. म्हणजे यंत्र कितीही भारी असो, मी पोहोचणार त्या उभ्या राहिल्यावर आठ सेकंदांनी! मग ते १७ कुठे जातात ते शोधलं. चष्मा शोधणं, दाराची कडी, पॅसेजचा दिवा, मधे ठेवलेली इस्त्रीची टेबल. कडी काढून टाकली, झिरोचा बल्ब कायमचा चालू, टेबल गॅलरीत, आणि शेवटी माझी गादीच त्यांच्या खोलीच्या दाराशी आली. आता ६. तुमच्या घरात हे दोन आकडे काढल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका असं माझं मत आहे.

याला मोठा पुरावाही आहे. अमेरिकेत मेंफिसच्या एका हॉस्पिटलमध्ये १६ वॉर्ड आणि २७ हजारांहून जास्त पेशंट घेऊन अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, पलंगाचे अलार्म वापरायचं प्रमाण वाढलं पण पडणाऱ्यांची संख्या काही कमी झाली नाही. उलट ओहायो स्टेटच्या हॉस्पिटलमध्ये दाबाचा सेन्सर असलेले मोजे ५६९ पेशंटना घातले तर त्यातलं कुणीच पडलं नाही, २०२२ मध्ये आलेला अभ्यास. तुलनेला दुसरा गट नव्हता म्हणून मी त्यावरून उड्या मारणार नाही, पण त्यातली एक गोष्ट मला पटली, तिथे गजर सगळ्या वॉर्डभर वाजत नाही, सगळ्यात जवळ असलेल्या तीन नर्सनाच जातो. घरीही तेच करा, एका रात्री एकच माणूस ड्युटीवर. आमच्याकडे आधी दोघांच्या मोबाईलवर वाजायचं आणि दोघंही समजायचो की दुसरा गेला.

गजर पेशंटच्या कानाशी अजिबात नको. रात्री दचकून माणूस घाबरतो, बावचळतो, आणि घाईघाईत उठतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. त्यांच्या बाजूला शांतता, आवाज आपल्याकडे. अमेरिकेत तर २०१७ पासून नर्सिंग होमसाठीच्या सरकारी सूचनांत असे अलार्म माणसाला बांधून ठेवल्यासारखे ठरू शकतात असंच म्हटलंय, कारण वाजेल या भीतीने माणूस हलेनासाच होतो. मला हे आधी अतिशयोक्ती वाटलं होतं, पण छातीवाल्या आठ दिवसांत सासूबाई खरंच लाकडासारख्या पडून राहायला लागल्या होत्या, "वाजतंय गं ते" म्हणून.

वाजलं की काय करायचं. दारातून "उठू नका!" असं ओरडायचं नाही, त्या आवाजाकडे वळतात आणि तोल जातो. समोरून जायचं, नजरेला नजर, "आई, मी आले, बसा जरा" एवढंच. हाताला धरून ओढायचं नाही. मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवायचं, कारण झोपेतून एकदम उभं राहिलं की म्हाताऱ्या माणसांचं बीपी खाली येतं, वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टर त्याला आजारच धरतात. चक्कर येतेय का विचारायचं. मग वॉकर. पडल्याच असतील तर लगेच उचलायची घाई नको, एक पाय आखूड दिसतोय आणि बाहेर वळलाय असं वाटलं तर खुबा समजायचं, हलवायचं नाही, १०८ ला फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि डोक्याला लागलंय तर माणूस हसत बोलत असला तरी हॉस्पिटलला न्यायचं.

आणि एक वही घाला. वाजलं की वेळ आणि कशासाठी उठल्या एवढंच. आमच्या वहीत दहा दिवसांत चित्र स्पष्ट झालं, अडीच आणि पावणेपाच, दोन्ही वेळा लघवीला. बाकी सगळं किरकोळ. मग आम्ही सव्वादोनला आणि साडेचारला आपणहून उठवून कमोडच्या खुर्चीवर बसवायला लागलो, आणि डॉक्टरांना वही दाखवली तर त्यांनी संध्याकाळची लघवीची गोळी सकाळी केली. (हे स्वतःच्या मनाने करू नका, डॉक्टरांनाच विचारा.) आठवड्याला पंधरा-सोळा वेळा वाजायचं ते दोन-तीन वर आलं. कमोडची खुर्ची पलंगाला लागूनच ठेवली, चालायचं अंतरच संपलं. पलंगाचे दांडे लावून काम भागेल असं वाटत असेल तर नाही भागत, विसरणारी माणसं दांड्यावरून पाय टाकतात आणि जास्त उंचीवरून पडतात. बांधून ठेवायचा तर विचारही नको.

शेवटचं तेवढं रोजचं. सेन्सर गप्प आहे याचे दोन अर्थ असतात, सगळं ठीक आहे किंवा बॅटरी मेली आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दिवेलागणीला देवापाशी दिवा लावला की मी डबी हातात उभी धरते, माझ्या उशाशी वाजलं पाहिजे. वाजलं की चार्जिंगला, नऊला जेवण-औषधं झाली की पट्टा. एकदा लग्नाला गेले होते आणि नव्या मावशींना हे सांगायचं राहिलं, तेव्हापासून कपाटाच्या दारावर कागद चिकटवलाय: बाण वर, डावा पाय, उभी धरून वाजवून बघा, सव्वादोन, साडेचार, माझा नंबर. मावशींना वाचायला अवघड जातं असं कळल्यावर मुलीने त्याखाली घड्याळाची दोन चित्रं काढली, आता त्या तीच बघतात.